मक्याच्या पेरणीची वेळ आणि बीटी वाणांचे आयुष्य

पिकावरील किडीचा बंदोबस्त दोन मार्गांनी करता येतो. कीड व पीक यांची गाठ पडल्यावर किडीचा नाश करणे, हा पहिला मार्ग होय. आणि किडीची उपद्रवी अवस्था व पिकाची नाजूक अवस्था यांची गाठच पडू न देणे, हा दुसरा. औषधांची फवारणी पहिल्या मार्गात मोडते. पेरणीची वेळ पुढेमागे करणे हे दुसऱ्या मार्गातील सर्वांत जुने आणि जवळजवळ बिनखर्ची असे साधन आहे. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील गव्हाच्या पट्ट्यात हेसियन माशीचा उपद्रव टाळण्यासाठी शरद ऋतूतील गहू ठराविक तारखेनंतरच पेरावा, अशी शिफारस फार पूर्वीपासून करण्यात येत आली आहे. गहू उगवून वर येतो तोपर्यंत माशीच्या माद्यांचे अल्प आयुष्य संपलेले असते. अंडी घालण्यास त्यांना रोपच सापडत नाही. या उपायात औषध नाही की खास बियाणे नाही. आहे ते केवळ काळाचे ज्ञान.

१९९६ पासून त्याच देशात बीटी मक्याची व्यापारी लागवड सुरू झाली, तेव्हा या ज्ञानाची गरज आता संपली, असा समज होणे स्वाभाविक होते. कीटकनाशक प्रथिन जर प्रत्येक पानात व खोडातच निर्माण होत असेल, तर ते पीक एप्रिलमध्ये पेरले की जूनमध्ये, याला किडीच्या दृष्टीने काय महत्त्व उरणार? परंतु त्यानंतरच्या सुमारे तीस वर्षांच्या अनुभवाने या प्रश्नाचे उत्तर वेगळे दिले आहे. पेरणीची वेळ व बीटी वाण ही एकमेकांची जागा घेणारी साधने नव्हेत. किडीची कोणती पिढी पिकाच्या कोणत्या अवस्थेला गाठणार हे पेरणीची वेळ ठरवते. आणि त्यावरूनच बीटी वाणाची गरज किती, त्याचा लाभ किती व त्याची परिणामकारकता किती वर्षे टिकणार, हे ठरते. प्रस्तुत लेखात हा संबंध मक्यावरील चार किडींच्या आधारे स्पष्ट करावयाचा आहे.

दोन घड्याळे

मक्याची वाढ व कीटकांची वाढ, दोन्ही तपमानावर अवलंबून असतात. ठराविक किमान तपमानाखाली वाढ थांबते; त्याच्या वर प्रत्येक दिवशी जितके अंश उष्णता लाभेल, तितकी वाढ पुढे सरकते. दररोजच्या या अधिक अंशांची बेरीज म्हणजेच अंश-दिवस होत. मक्यासाठी ही किमान मर्यादा सुमारे १० अंश सेल्सिअस धरतात. युरोपीय मका-खोडकिडीच्या वाढीचे गणितही याच मर्यादेवरून करण्यात येते. म्हणजे एखाद्या वर्षी वसंत ऋतू उबदार असला तर पीक व कीड दोन्ही लवकर वाढतात आणि थंड असला तर दोन्ही रेंगाळतात.

तथापि, या दोन घड्याळांत एक मूलभूत भेद आहे. किडीचे घड्याळ हिवाळा संपताच आपोआप चालू होते. शेतकऱ्याला ते मागे-पुढे करता येत नाही. पिकाचे घड्याळ मात्र बी ओलाव्यात पडेल त्या दिवशी सुरू होते, आणि तो दिवस बऱ्याच अंशी शेतकऱ्याच्या हाती असतो. पेरणी दोन आठवडे पुढे ढकलली तर किडीच्या जीवनक्रमात काहीच फरक पडत नाही. फक्त ती ज्या पिकावर येते, ते पीक वेगळ्या अवस्थेत असते. पेरणीच्या वेळेचे सारे सामर्थ्य, आणि तिच्या साऱ्या मर्यादाही, या एका गोष्टीत सामावलेल्या आहेत.

युरोपीय खोडकिडा : एका तारखेचे दोन परिणाम

युरोपीय मका-खोडकिडा, अर्थात ऑस्ट्रिनिया न्यूबिलॅलिस, हा मूळचा उत्तर अमेरिकेतील कीटक नव्हे. मॅसॅच्युसेट्स राज्यात बॉस्टन शहरानजीक १९१७ मध्ये त्याची प्रथम नोंद झाली. झाडू तयार करण्यासाठी युरोपातून आणलेल्या ज्वारीवर्गीय ताटांतून तो आला असावा, असे मानतात. त्यानंतर तो पश्चिमेकडे पसरत मक्याच्या मुख्य पट्ट्यात पोहोचला. त्याचा प्रसार रोखण्यासाठी १९२७ मध्ये अमेरिकेच्या काँग्रेसने एक कोटी डॉलर मंजूर केले आणि शेतांतील धसकटे व ताटे नष्ट करण्याची मोठी मोहीम हाती घेण्यात आली. या मोहिमेचे शास्त्रीय कारण सरळ होते: पूर्ण वाढलेली अळी हिवाळा मक्याच्या ताटातच काढते. पण एवढ्या खर्चानेही त्याचा प्रसार थांबला नाही.

मका-पट्ट्याच्या बहुतेक भागात या किडीच्या वर्षाला दोन पिढ्या होतात. ताटांत हिवाळा काढलेल्या अळ्यांचे वसंताच्या अखेरीस पतंग होतात. त्यांच्या माद्या अंडी घालण्यासाठी परिसरातील सर्वांत उंच मका निवडतात. म्हणजेच सर्वांत आधी पेरलेला मका. उशिरा पेरलेला मका त्या वेळी लहान असतो आणि लहान मक्यात डिंबोआ नावाच्या संरक्षक रसायनाचे प्रमाण अधिक असते. त्यावर अंडी पडली तरी पोंग्यात शिरलेल्या कोवळ्या अळ्यांपैकी फारच थोड्या जगतात. रोप वाढत जाते तसे हे प्रमाण घटते आणि नैसर्गिक संरक्षणही ओसरते.

दुसऱ्या पिढीचे पतंग साधारणतः ऑगस्टच्या सुमारास बाहेर पडतात, आणि या वेळी सारे चित्र पालटते. लवकर पेरलेल्या मक्याची कणसे तोवर भरत आलेली असतात. त्यांचे आकर्षण कमी झालेले असते. माद्या आता ताजे स्त्रीकेसर फुटलेल्या व पराग गळत असलेल्या शेतांकडे, अर्थात उशिरा पेरलेल्या मक्याकडे वळतात. या पिढीच्या अळ्या पानांच्या बगलेत साठलेल्या परागावर प्रथम पोसतात आणि नंतर खोडात व कणसाच्या देठात शिरतात. देठ पोखरल्यामुळे कणसे गळून पडतात आणि खोड पोखरल्यामुळे ताटे मोडतात. तात्पर्य, लवकर पेरणी पहिल्या पिढीचे संकट ओढवून घेते आणि उशिरा पेरणी दुसऱ्या पिढीचे. दोन्ही संकटांतून सोडवणारी तारीख पंचांगात नाही. मधल्या काळात, आणि परिसरातील बहुसंख्य शेतकऱ्यांबरोबर पेरलेल्या शेतात नुकसान विभागले जाते, एवढाच त्यातला दिलासा. शिवाय पेरणी फार लांबवली तर कीड नसतानाही उत्पन्न घटते, कारण पिकाला उपलब्ध असलेला उष्ण हंगाम अपुरा पडतो.

बीटी प्रथिन व त्याची वेळ

बॅसिलस थुरिंजिएन्सिस हा मातीत आढळणारा जीवाणू आहे. जपानमध्ये १९०१ साली रेशीमकिड्यांच्या रोगाचा शोध घेताना शिगेताने इशिवाता यांना तो आढळला. पुढे १९११ मध्ये एर्न्स्ट बर्लिनर यांनी जर्मनीत पिठावरील पतंगाच्या अळीत तो पाहिला आणि थुरिंगिया प्रांतावरून त्याला आज रूढ असलेले नाव मिळाले. या जीवाणूच्या शरीरात स्फटिकरूप प्रथिने तयार होतात. अळीच्या अल्कधर्मी अन्ननलिकेत ती विरघळतात, पाचकरसांनी क्रियाशील होतात, आतड्याच्या पेशींवरील विशिष्ट ग्राहकांना चिकटतात व पेशींना छिद्रे पाडतात. अळीचे खाणे थांबते आणि ती मरते. प्रत्येक प्रथिन ठराविक कीटकगटावरच परिणाम करते. खोडकिडीवर चालणारे प्रथिन मुळे खाणाऱ्या भुंग्याच्या अळीवर चालत नाही.

या प्रथिनाचे जनुक मक्यात घातल्यानंतरही काळाचा प्रश्न सुटला नाही. तो वनस्पतीच्या आत शिरला, इतकेच. अमेरिकेत १९९५ मध्ये प्रथम मान्यता मिळालेल्या 'इव्हेंट १७६' या प्रकारात जनुकाचे नियंत्रण अशा घटकांकडे सोपवले होते की, प्रथिन मुख्यतः हिरव्या पानांत व परागात तयार होई. केसरांत व दाण्यांत ते अत्यल्प असे. परिणामी पहिल्या पिढीवर या वाणांचा उत्तम प्रभाव पडे, पण मोसमाच्या उत्तरार्धात येणाऱ्या दुसऱ्या पिढीच्या अनेक अळ्या त्यातून वाचत. त्यानंतर आलेल्या 'मॉन ८१०' व 'बीटी ११' या प्रकारांत प्रथिन सर्व मोसमभर आणि वनस्पतीच्या बहुतेक भागांत तयार होत असल्याने हा दोष बऱ्याच अंशी दूर झाला. 'इव्हेंट १७६'ची मान्यता २००१ मध्ये संपुष्टात आली. बियाणे एकच असले तरी त्यातील विष पिकाच्या कोणत्या वयात किती असते, हा प्रश्न पेरणीच्या तारखेपासून वेगळा काढता येत नाही, हे यावरून दिसून येते.

आश्रयपीक आणि काळाचा मेळ

बीटी वाणांना असलेला खरा धोका म्हणजे किडींत निर्माण होणारी प्रतिकारक्षमता. तिला आळा घालण्यासाठी 'भारी मात्रा व आश्रयपीक' ही योजना आखण्यात आली. तिचे गणित थोडक्यात असे. समजा, प्रतिकारक जनुकाचे कीटकसमूहातील प्रमाण हजारात एक आहे. तर हे जनुक दोन्ही पालकांकडून मिळालेले समयुग्मजी कीटक दहा लाखांत एक एवढेच असतील. मात्र ते एकाच पालकाकडून मिळालेले विषमयुग्मजी कीटक हजारात सुमारे दोन, म्हणजे दोन हजारपट अधिक असतील. प्रथिनाची मात्रा इतकी भारी ठेवावी की विषमयुग्मजी अळ्याही मराव्यात. सामान्य अळ्यांना मारण्यास लागणाऱ्या मात्रेच्या २५ पट मात्रा, ही त्यासाठी धरलेली कसोटी होती. मग उरतात ते अत्यंत विरळ समयुग्मजी. शेजारी बिगर-बीटी मक्याचा पट्टा असेल तर तेथून बाहेर पडणाऱ्या असंख्य सामान्य पतंगांशी त्यांचा समागम होतो. संतती विषमयुग्मजी होते. आणि ती बीटी मक्यावर पुन्हा मरते. प्रत्येक प्रतिकारक पतंगामागे किमान ५०० सामान्य पतंग असावेत, असे प्रमाण १९९८ मध्ये अमेरिकेतील तज्ज्ञ समितीने सुचवले होते.

मका-पट्ट्यात एकाच प्रथिनाच्या वाणांसाठी २० टक्के क्षेत्र आश्रयपिकाखाली ठेवण्याचा नियम याच गणितावर आधारलेला होता. खोडकिडीसाठी हा पट्टा अर्ध्या मैलाच्या आत, म्हणजे सुमारे ८०० मीटरांच्या आत असावा लागे. अंतराच्या या अटीची चर्चा पुष्कळ होते. पण तिच्याइतकीच महत्त्वाची दुसरी अट म्हणजे आश्रयपीक बीटी पिकाबरोबरच पेरावे, ही होय. शेतकरी सोयीसाठी बीटी मका आधी व बिगर-बीटी मका तीन आठवड्यांनी पेरू लागला, तर पहिल्या पिढीच्या माद्या उंच असलेल्या बीटी मक्यावरच अंडी घालतील आणि लहानशा आश्रयपिकाकडे फिरकणारही नाहीत. पट्टा नकाशावर असेल, पण त्यातून सामान्य पतंग निर्माण होणार नाहीत. अवकाशातील शेजार पुरेसा नाही. काळातील शेजारही हवा.

ही योजना खोडकिडीच्या बाबतीत अमेरिकेच्या मका-पट्ट्यात बऱ्याच अंशी यशस्वी झाली. मिनेसोटा विद्यापीठातील विल्यम हचिसन व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१० मध्ये 'सायन्स' नियतकालिकात प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार पाच राज्यांत खोडकिडीची संख्या विस्तृत प्रदेशावर घटली होती. १४ वर्षांतील एकूण लाभ सुमारे ६.८ अब्ज डॉलर असल्याचा त्यांचा अंदाज होता. त्यातील ४.३ अब्जांहून अधिक लाभ बिगर-बीटी मका पेरणाऱ्यांना झाला, कारण बीटी बियाण्याची अधिक किंमत न मोजताही कीड कमी झाल्याचा फायदा त्यांना मिळाला. आश्रयपीक म्हणजे शेतकऱ्याने सोसलेला तोटा, ही समजूत या आकड्यांपुढे टिकत नाही.

तथापि, या यशाला मर्यादा आहेत. कॅनडाच्या नोव्हा स्कॉशिया प्रांतात २०१८ मध्ये क्राय१एफ प्रथिन असलेल्या मक्यावर खोडकिडा टिकून राहिल्याचे आढळले आणि प्रयोगशाळेतील तपासणीत प्रतिकारक्षमता सिद्ध झाली. तेथे एकाच प्रथिनाच्या वाणांचा वापर चालू राहिला होता. दोन दशकांहून अधिक काळ दबून राहिलेली कीड प्रतिकाराची क्षमता गमावून बसलेली नव्हती.

मुळअळी : आजची सुटका, उद्याचे ऋण

मक्याची पश्चिमी मुळअळी, डायब्रोटिका व्हर्जिफेरा व्हर्जिफेरा, हिची वर्षातून एकच पिढी होते. भुंगे उन्हाळ्याच्या उत्तरार्धात मक्याच्या शेतातील मातीत अंडी घालतात. ती तेथेच हिवाळा काढतात आणि मेअखेर ते जूनच्या सुमारास उबतात. इंडियाना राज्यातील कीटकशास्त्रज्ञांनी शेतकऱ्यांना सांगितलेली एक सोपी खूण अशी की, संध्याकाळी पहिले काजवे चमकू लागले म्हणजे मुळअळीची अंडी उबू लागली असे समजावे. दोन्ही कीटक मातीच्या उष्णतेवर वाढत असल्याने हा मेळ जमतो.

नुकत्याच उबलेल्या अळीला लवकरच मक्याचे मूळ मिळाले नाही तर ती उपाशी मरते. म्हणून उशिरा पेरलेल्या मक्याचे त्या वर्षी मुळअळीपासून नुकसान कमी होते. पण त्याच शेताला केसर उशिरा फुटते. आजूबाजूच्या शेतांतील केसर सुकल्यावर भुंगे ताज्या केसराच्या शोधात याच शेतात जमतात आणि तेथेच अंडी घालतात. तेथे पुढच्या वर्षी पुन्हा मका घेतला तर या वर्षी टाळलेले नुकसान व्याजासह परत येते. मका व सोयाबीन यांची फेरपालट हा यावरचा जुना व प्रभावी उपाय. मात्र इलिनॉयच्या काही भागांत मुळअळीच्या एका प्रकाराने सोयाबीनच्या शेतातच अंडी घालण्यास सुरुवात केली आणि १९९० नंतरच्या दशकात तेथील फेरपालट निष्प्रभ झाली. एकच उपाय दीर्घकाळ सर्वत्र वापरला तर कीड फेरपालटीलाही प्रतिकार करते, हे कीटकशास्त्रातील एक विलक्षण उदाहरण आहे.

मुळअळीविरुद्धचा क्राय३बीबी१ प्रथिनाचा मका २००३ पासून उपलब्ध झाला. खोडकिडीच्या वाणांप्रमाणे यातील मात्रा भारी नव्हती. काही अळ्या त्यावर जगत असत. शिवाय बीटी मक्यावर वाढलेल्या अळ्यांची वाढ मंदावत असल्याने त्यांचे भुंगे आश्रयपिकातील भुंग्यांपेक्षा काही दिवस उशिरा बाहेर पडतात. मादी बाहेर पडल्यावर अल्पावधीतच, आणि बहुधा एकदाच, समागम करते. त्यामुळे या थोड्या दिवसांच्या अंतरानेही बीटी शेतातील भुंग्यांचा समागम परस्परांतच होण्याची शक्यता वाढते. आश्रयपिकाचा मूळ हेतू तितका विफल होतो. आयोवा राज्यातील काही शेतांत २००९ मध्ये या मक्याच्या मुळांचे जबर नुकसान झाले. त्या शेतांतील कीटकांत प्रतिकारक्षमता आली असल्याचे ॲरन गॅसमन व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०११ मध्ये प्रसिद्ध केले. त्या शेतांत किमान सलग तीन वर्षे मक्यावर मका, आणि तोही त्याच प्रथिनाचा, घेतलेला होता.

दक्षिणेतील उशिरा पेरलेला मका

अमेरिकेच्या दक्षिण व आग्नेय राज्यांत प्रश्नाचे स्वरूप निराळे आहे. तेथील मुख्य किडी म्हणजे कणीस पोखरणारी अळी, हेलिकोव्हर्पा झिया, व लष्करी अळी, स्पोडोप्टेरा फ्रुजिपर्डा, या होत. दोहोंच्या पिढ्या वर्षभरात एकामागून एक वाढत जातात. म्हणून शिफारस केलेल्या वेळी, लवकर पेरलेला मका त्यांच्या मोठ्या संख्येच्या आधीच पक्व होऊ लागतो. कणसाच्या टोकाचे काही दाणे खाल्ले गेले तरी एकूण उत्पन्नावर त्याचा फारसा परिणाम होत नाही. उशिरा पेरलेल्या मक्याच्या पोंग्यांवर व कणसांवर मात्र मोठा हल्ला होतो. साहजिकच बीटी वाणाचा ठळक लाभ तेथे उशिरा पेरलेल्या शेतांतच दिसून येतो. वेळेवर पेरणाऱ्याला ज्या संरक्षणाची बहुधा गरज नाही, तेच उशिरा पेरणाऱ्याचा आधार ठरते.

पण यातच मोठा पेच आहे. कणीस पोखरणारी अळी मक्यावरून कपाशीवर जाते, आणि कपाशीतही त्याच कुळातील बीटी प्रथिने असतात. एकाच वर्षात एकामागून एक पिढ्यांवर एकाच प्रकारच्या विषाची निवड चालू राहते. उशिरा पेरलेल्या बीटी मक्यात ही निवड सर्वांत तीव्र होते, कारण तेथे किडीची संख्या सर्वाधिक असते. या कारणास्तव कपाशीच्या प्रदेशात एकाच प्रथिनाच्या मक्यासाठी आश्रयपीक २० नव्हे, तर ५० टक्के ठेवण्याचा नियम होता. तरीही गॅलन डाइव्हली व सहकाऱ्यांनी मेरीलँड राज्यातील बीटी गोड मक्यावरील दीर्घकालीन निरीक्षणांतून या अळीत क्राय प्रथिनांविरुद्ध प्रतिकारक्षमता आल्याचे २०१६ मध्ये दाखवले. लष्करी अळीने तर त्याआधीच, २००६ मध्ये, प्वेर्तो रिको बेटावर क्राय१एफ मका निष्प्रभ केला होता. उष्ण कटिबंधातील त्या बेटावर मका वर्षभर उभा असे. किडीला पिकाविना राहावे लागेल असा काळच नव्हता.

दक्षिण आफ्रिकेतील अनुभव याला पूरक आहे. तेथे खोडकिडीसाठी 'मॉन ८१०' मका १९९८ च्या मोसमापासून पेरला जाऊ लागला. मक्यावरील आफ्रिकी खोडकिडा, ब्युसिओला फुस्का, क्रिस्टियाना भागात या मक्याला दाद देत नसल्याचे २००७ मध्ये नोंदवण्यात आले, आणि पुढे व्हालहार्ट्स या सिंचित क्षेत्रातही तेच आढळले. आश्रयपिकाचा नियम आरंभीच्या वर्षांत फार थोड्या शेतकऱ्यांनी पाळला होता, हे त्यामागील प्रमुख कारण मानले जाते.

महाराष्ट्राच्या दृष्टीने

भारतात जनुकपरिवर्तित मक्याच्या लागवडीस परवानगी नाही. परंतु येथे दोन प्रसंगी हेच तत्त्व प्रत्ययास आले आहे. स्पोडोप्टेरा फ्रुजिपर्डा, जिला आपल्याकडे अमेरिकन लष्करी अळी म्हणतात, ती २०१८ मध्ये कर्नाटकात प्रथम आढळली आणि त्याच वर्षी महाराष्ट्रात पोहोचली. तिच्याविरुद्ध बीटी मक्याचा आधार येथे नसल्याने पेरणीच्या वेळेचे महत्त्व अधिकच आहे. एकाच शिवारात आठवड्या-आठवड्याच्या अंतराने मका पेरला गेला तर पोंग्याची कोवळी अवस्था किडीला सतत उपलब्ध राहते आणि तिच्या पिढ्या एका शेतातून दुसऱ्या शेतात सरकतात. म्हणून गावाने एकाच वेळी पेरावे, अशी शिफारस करण्यात येते. हा निर्णय एकट्या शेतकऱ्याचा असू शकत नाही. शेजाऱ्याची उशिराची पेरणी त्याच्याही पिकावर परिणाम करते.

दुसरा प्रसंग कपाशीचा. बीटी कपाशीला भारतात २००२ मध्ये मान्यता मिळाली. दोन प्रथिनांची कपाशी २००६ मध्ये आली. शेंदरी बोंडअळीत पहिल्या प्रथिनाविरुद्ध प्रतिकारक्षमता आल्याची माहिती २०१० मध्ये गुजरातमधून जाहीर झाली. पुढे दुसरे प्रथिनही तिच्यापुढे निष्प्रभ ठरले आणि २०१७ च्या हंगामात विदर्भ व मराठवाड्यात मोठे नुकसान झाले. ४५० ग्रॅम बीटी बियाण्याच्या पिशवीसोबत १२० ग्रॅम बिगर-बीटी बियाणे दिले जात असे. पण ते क्वचितच पेरले गेले. यापेक्षाही पिकाचा कालावधी निर्णायक ठरला. पूर्वहंगामी बागायती कपाशीला लवकर पात्या लागतात. सुप्तावस्थेतून बाहेर पडलेल्या पतंगांना त्या आयत्याच मिळतात आणि फुलोऱ्यात डोमकळ्या दिसू लागतात. दुसऱ्या टोकाला, फरदड घेऊन पीक जानेवारी-फेब्रुवारीनंतरही उभे ठेवले की, अळीला पुढील हंगामापर्यंत तग धरण्याची सोय होते. याउलट पतंग बाहेर पडतात त्या वेळी शेतात पात्याच नसतील, तर ते संतती न ठेवता मरतात. शास्त्रज्ञ याला आत्मघाती उद्गमन म्हणतात. हेसियन माशीचे तत्त्व ते हेच. पूर्वहंगामी लागवड टाळणे, पीक डिसेंबरअखेर काढून टाकणे व फरदड न घेणे या शिफारशींचा आधार येथेच आहे.

समारोप

या सर्व उदाहरणांतून निघणारा निष्कर्ष असा. पेरणीची तारीख नुकसान नाहीसे करीत नाही. ते एका पिढीकडून दुसऱ्या पिढीकडे, एका शेताकडून दुसऱ्या शेताकडे, किंवा एका वर्षाकडून पुढील वर्षाकडे सरकवते. बीटी वाण ते नुकसान खरोखरच कमी करते, परंतु प्रत्येक हंगामात त्याच्या परिणामकारकतेचा काही अंश खर्च होतो. आणि किती खर्च होतो, ते त्या पिकावर किती व कोणत्या पिढीचे कीटक आले, यावर अवलंबून असते. अमेरिकेत आज मक्याचे ८० टक्क्यांहून अधिक क्षेत्र कीटकप्रतिकारक बीटी वाणांखाली आहे. ज्या शेतात वेळेवर पेरणी केल्याने किडीचा हल्ला नगण्य होतो, तेथेही हे वाण सवयीने पेरले जात असेल, तर त्याचा लाभ थोडा आणि निवडीचा दाब मात्र पूर्ण, अशी स्थिती होते.

म्हणून संशोधनाच्या दृष्टीने पेरणीची वेळ हा बीटी वाणांच्या चाचण्यांतील गौण घटक मानता येणार नाही. एखाद्या वाणाचा लाभ मोजताना तो कोणत्या तारखेला पेरला होता, त्या वेळी परिसरातील इतर पीक कोणत्या अवस्थेत होते, आणि आश्रयपिकातील पतंग व बीटी शेतातील पतंग एकाच वेळी बाहेर पडले की नाही, हे नोंदल्याखेरीज त्या चाचणीचा निष्कर्ष अपुराच राहील. पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी येथील पिकांवर अशी चाचणी आखताना किमान दोन पेरणी-तारखा आणि त्यांना समांतर बिगर-बीटी प्लॉट ठेवणे अगत्याचे आहे. जनुक बियाण्यात घालता येते. परंतु ते किती वर्षे उपयोगी पडेल, हे अखेर शेतातील काळाच्या नियोजनावरच ठरते.